मिनार काढा म्हणणाऱ्यांना

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या कलादालनातून आम्हाला फोन आला. आम्ही पाठवलेली अकरा भांडी तिथल्या बाईंना आवडली होती. घडण सफाईदार आहे, झिलई वेगळी आहे, असे त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण यात तुमची आयडेंटिटी कुठे दिसते? तुम्ही मुस्लिम आहात, त्यातून दोघी बायका आहात, इतक्या दूरच्या भागातून येता. ते कामात यायला नको का? एखादी जाळी, थोडी कॅलिग्राफी, एखादा मिनार. मिनार काढा ना! आणि चंद्रपूरचे आहात तर वाघही चालेल. ताडोबाला सध्या खूप मागणी आहे."

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ हसत होतो. 'काढणे' या मराठी क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आजवर 'मिनार काढा' म्हणणारे जे भेटले ते सगळे दुसऱ्या अर्थाने म्हणणारे होते. पहिल्या अर्थाने आणि इतक्या आपुलकीने म्हणणारे कुणी प्रथमच भेटले. हसून झाल्यावर मात्र राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे तीन माणसे. दोन सख्ख्या बहिणी आणि त्यांचा आतेभाऊ. चंद्रपूर-भद्रावती रस्त्यालगत टिनाच्या एका शेडमध्ये आमचे चाक आणि गॅसवरची लहानशी भट्टी आहे. बरण्या, ताटल्या, वाडगे, सुरया असा माल करतो. घर चंद्रपुरात, पठाणपुरा दरवाजाच्या आत. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाचे चार मोठे दरवाजे जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. या दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंडांचे राजचिन्ह. दरवाजाचे नाव पठाणांचे आणि कपाळावर सिंह गोंडांचा, असे पाहतच आम्ही शाळेत गेलो. यात काही विसंगत आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. तिकडे देवगडच्या बख्त बुलंद शाहने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, नागपूर वसवले आणि तो गोंडांचा राजाही राहिला. तुमच्या कारभारात तुमची आयडेंटिटी कुठे दिसते, असे त्याला कुणी विचारले नसावे.

आता त्या अकरा भांड्यांविषयी. चार ताटल्यांवर तेंदूपानाचा ठसा होता. माती ओली असताना पान दाबायचे आणि तसेच ठेवायचे. पहिल्या भाजणीत पान जळून जाते आणि त्याची शीर न् शीर मातीत राहते. आमची दादी कामठीची. लग्नाआधीपासून म्हातारपणापर्यंत ती बिड्या वळत होती. तिच्या बोटांना पानाची वरची बाजू आणि खालची बाजू अंधारातही कळत असे. हे पान जंगलात कोण तोडते, गावात कोण मोजते, घरात कोण कापते आणि वळते, या सगळ्या साखळीत गोंड, माना, ढीवर, बौद्ध आणि मुसलमान बायकांची बोटे आहेत. आम्ही पानाच्या मागच्या बाजूचा ठसा घेतो, कारण शिरा तिकडे उठून दिसतात.

तीन वाडग्यांची झिलई धानाच्या तुसाची होती. झाडीपट्टी हा धानाचा मुलूख. गिरणीबाहेर तुसाचे ढीग पडलेले असतात. तूस पांढरे होईपर्यंत जाळले की जी राख उरते ती बहुतांशी सिलिका असते. सिलिका हा काचेचा मूळ माल. पण ती एकटी वितळत नाही. तिच्यात लाकडाची राख घालावी लागते, कारण त्या राखेतला चुना आणि पोटॅश सिलिकेला वितळवतात. सोबत फेल्डस्पार. १२४० अंशांच्या आसपास या मिश्रणाची दुधी, कडेला किंचित निळसर साय भांड्यावर धरते. जपानचे कुंभार अशी झिलई कित्येक पिढ्यांपासून करत आले आहेत. तिथेही भात पिकतो. त्यात नवल काही नाही. जिथे भात तिथे तूस, आणि जिथे तूस आणि भट्टी दोन्ही, तिथे आज ना उद्या कुणीतरी हे करून पाहणारच.

एका ताटलीवर राखड होती. आमच्याकडे राखड म्हटले की चुलीतली कुणाला आठवत नाही, औष्णिक वीज केंद्राची आठवते. २९२० मेगावॅटचे हे केंद्र दुर्गापूरला, इरईच्या पाण्यावर आणि आजूबाजूच्या खाणींच्या कोळशावर चालते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, मशिदीच्या हौदावर सारखीच बारीक राख बसते. ती राखड आम्ही लाकडाच्या राखेत मिसळून झिलई केली. राखडीत लोखंड असते म्हणून रंग तपकिरी, मध्येच काळपट ठिपके असा आला. ताटली सुंदर नाही. पण ती चंद्रपूरची आहे याबद्दल चंद्रपूरच्या माणसाला शंका येणार नाही. बाईंनी तिला 'जरा जास्तच लोकल' म्हटले.

उरलेल्या तिनांपैकी एका बरणीच्या झाकणावर टिटवी बसलेली होती आणि दोन वाडगे पांढऱ्या झिलईचे होते. या तिन्हींविषयी पुढे लिहितो, कारण खरे भांडण तिथेच आहे.

आधी 'निसर्गाची प्रेरणा' या शब्दांचा समाचार घेऊ. मातीकाम करणाऱ्याला आजकाल प्रत्येक मुलाखतीत हे शब्द बोलावे लागतात. 'मला निसर्गातून प्रेरणा मिळते.' निसर्ग म्हणजे काय? रिसॉर्टच्या खिडकीतून दिसतो तो? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मेल्या. त्या बायकांना विचारा निसर्ग म्हणजे काय. त्या ज्या पानासाठी गेल्या तेच पान आमच्या ताटलीवर आहे. त्या ताटलीला 'बोटॅनिकल मोटिफ' म्हणून कुणी भिंतीवर लावणार असेल तर आम्हाला ती विकायची नाही. आणि वाघ काढा म्हणणाऱ्यांना वाघ कोणता हवा? जिप्सीतून फोटो काढतात तो. आमच्या अब्बांना आठवणारा वाघ निराळा. मोहरमात नवस फेडायला अंगावर पिवळे-काळे पट्टे ओढून माणसे वाघ होत आणि ताशाच्या तालावर नाचत. तो वाघ या बाईंच्या यादीत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या सुधारकांच्याही यादीत नाही.

शिवाय इथल्या निसर्गाला मालक आहेत, हे प्रेरणा घेणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने स्वतःच्या अधिकारात बांबू विकला. त्यासाठी त्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यास केला, झगडा केला. जंगलाशी आमचे नाते आहे असे ते नुसते म्हणाले नाहीत, त्यांनी तो हक्क कागदावर आणला. आम्ही त्या जंगलातली पाने, राख, रंग वापरणारे लोक. आमचे नाते त्यांच्याइतके नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. आम्ही पाने विकत आणतो.

आणि माती? चंद्रपूर जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे आणि कोळशाच्या थरांबरोबर फायर क्ले आहे. जास्त आचेची भांडी करायला ती लागते. नदीकाठची लाल माती ११०० अंशांच्या पुढे नेली की बसकण मारते. भूगर्भशास्त्रज्ञांनी जगातल्या एका प्राचीन महाखंडाला गोंडवाना हे नाव दिले ते गोंडांच्या मुलखावरून. त्या काळच्या कोळशासोबतच्या दगडात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात, २५ कोटी वर्षांहून जुने. सिरोंच्याजवळ वडधमला तर झाडांचे बुंधेच्या बुंधे दगड होऊन पडले आहेत. म्हणजे ओल्या मातीत पान दाबून ठेवण्याची युक्ती आमची नव्हे. आम्ही फक्त तिला भट्टी दिली. पण ही माती आज खाणीच्या कुंपणाआड आहे, आणि कुंपणाबाहेर जी आहे ती विटभट्ट्यांना जाते. पारंपरिक कुंभारांना मातीच्या स्वामित्वधनात सवलत आहे, ती योग्यच आहे आणि ती आम्हाला लागू नाही, हेही योग्य आहे. आम्ही विकत घेतो. तक्रार एवढीच की ज्या जिल्ह्यातून रोज रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा जातो, तिथे कुंभाराला चार ट्रॅक्टर मातीसाठी दहा दारे हिंडावी लागतात आणि त्यावर कुणी परिसंवाद घेत नाही.

आता टिटवी. ती बरणी भट्टीतून निघाली तेव्हा शेडमध्ये मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आले होते. त्यांच्या मुलीच्या निकाहासाठी वाडगे हवे होते. त्यांनी झाकण उचलले, टिटवीकडे पाहिले आणि अतिशय मायेने म्हणाले, "बेटी, परिंदा मत बनाओ. बेलबूटे बनाओ. अपनी पहचान बेलबूटे है." बाईंनी मिनार मागितला आणि चाचांनी वेलबुट्टी मागितली. दोघांनाही ठाऊक होते की मुसलमानाचे भांडे कसे दिसायला हवे. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हाला, भांडे करणाऱ्यांना.

आम्ही आलिम नाही. पण कुराण आम्ही वाचतो, आणि मातीकाम करणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो. सूरह रहमानमध्ये माणसाची निर्मिती कुंभाराच्या भांड्यासारख्या वाजणाऱ्या सुक्या मातीतून झाल्याचे सांगितले आहे. वाजणारी माती म्हणजे काय हे ज्याने सुकलेल्या भांड्यावर बोट मारून पाहिले त्यालाच नीट कळते. हजरत ईसांनी मातीचा पक्षी घडवला, त्यात फुंकर मारली आणि अल्लाहच्या हुकुमाने तो जिवंत झाला, हे आले इमरान आणि माइदा या दोन्ही सूरहमध्ये आहे. हजरत सुलेमानांसाठी जिन्न मूर्ती आणि हौदाएवढी थाळी घडवत, हे सूरह सबामध्ये आहे. आणि सुनन अबू दाऊदमधली ती गोष्ट आम्हाला फार आवडते. हजरत आयेशांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे हुजूरांनी विचारले, तेव्हा त्यांनी सुलेमानांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला आणि हुजूर दिलखुलास हसले. यावर उलेमांची उत्तरे आहेत, तीही आम्हाला माहीत आहेत. आधीच्या पैगंबरांची शरियत वेगळी, मुलींची खेळणी वेगळी, मोजिजा वेगळा. चाचांनीही ती सगळी सांगितली. आम्ही ऐकून घेतली. पण ज्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये नातवंडांचे चारशे फोटो आहेत आणि ज्यांच्या घरच्या निकाहाला दोन व्हिडिओवाले येणार आहेत, त्यांनी मातीच्या एका टिटवीवर एवढे घाबरावे, हे आम्हाला पटले नाही. तसे आम्ही बोललोही. चाचा रागावले नाहीत. वाडग्यांची ऑर्डर कायम ठेवली. बेलबूट्यांची.

चाचांना आणि बाईंना दोघांनाही ज्या 'इस्लामी कले'चा अभिमान आहे ती कला ज्यांनी केली ते तरी काय करत होते? बाराव्या-तेराव्या शतकातल्या काशानची भांडी पाहा. त्यांवर ससे आहेत, पक्षी आहेत, घोडेस्वार आहेत, गप्पा मारत बसलेली माणसे आहेत. करणारे मुसलमान, वापरणारेही बहुतेक मुसलमान. त्याच काशानच्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली मातीकामावर लिहून ठेवले आहे. कोणता दगड कुठून आणायचा, कसा कुटायचा, किती चाळायचा, भट्टीत कोणते लाकूड घालायचे, हे सगळे त्यात आहे. आम्ही इस्लामी कला करत आहोत, अशी फुशारकी त्याला मारावी लागली नाही. 'इस्लामी कला' ही नंतरची पाटी आहे, संग्रहालयांच्या दालनांवर लावण्यासाठी तयार झालेली. पाटी लावायला हरकत नाही. पण पाटी पाहून भांडी करा म्हणाल तर तो उलटा कारभार झाला.

हे सगळे फार दूरचे वाटत असेल तर दौलताबादला जा. किल्ल्यातल्या चिनी महालाला ते नाव त्याच्या झिलईदार फरशांमुळे पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवले होते. एवढे आमच्या शाळेच्या सहलीत सांगितले गेले. फरशा कुणी केल्या, झिलई कशी झाली, हे गुरुजींनी सांगितले नाही. त्यांनाही कुणी सांगितले नसेल. बिदरला महमूद गावानच्या मदरशावर १४७२ सालच्या फरशांचे निळे-हिरवे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. आम्ही तिथे गेलो तेव्हा सोबतचे लोक महमूद गावानचा खून कसा झाला ते ऐकत होते आणि आम्ही तिघे भिंतीला नाक लावून झिलईला कुठे तडे गेलेत ते पाहत होतो. आपल्याला वजिराचे नाव पाठ असते, फरशीवाल्याचे नसते. आपल्या समाजाचा सगळा इतिहास असाच सांगितला गेला आहे.

म्हणून त्या दोन पांढऱ्या वाडग्यांविषयी.

आमचे दादा कल्हईवाले होते. आतेभावाचे ते नाना. चांदा फोर्टहून छोट्या रेल्वेने मूल, सिंदेवाही, नागभीडपर्यंत जायचे. खांद्यावर चामड्याचा भाता आणि पोतडीत कथील, नवसागर, कापूस. गावात चिंचेखाली खड्डा खणून भाता बसवायचे. बायका पितळेची, तांब्याची भांडी आणून टाकायच्या. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी कळकते, म्हणून दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी दादांची वाट पाहिली जायची. भांडे वाळूने घासायचे, निखाऱ्यावर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून गोल फिरवायचे. एका श्वासात. हात थांबला की डाग राहिला. मग पाण्यात बुडवायचे आणि चुर्र आवाज. आमच्या आत्याला तो आवाज अजून काढून दाखवता येतो.

पुढे स्टीलची भांडी आली. दादांचा धंदा दहा-बारा वर्षांत संपला. अब्बा कोळसा खाणीत हजेरी लिहायला लागले आणि आमच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'शेख' लागले. घरात 'कलईगर' हा शब्द बोलायचा नाही, अशी अब्बांची सक्त ताकीद होती. स्थळ पाहायला येणाऱ्यांना दादा 'बर्तनों का कारोबार करते थे' असे सांगितले जायचे. आम्ही चाक घेतले तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, "हमने भाता छोड़ा, तुमने चाक पकड़ लिया." त्यानंतर दोन महिने ते आमच्याशी नीट बोलले नाहीत.

दादांच्या पत्र्याच्या पेटीत कथलाच्या दोन कांड्या उरल्या होत्या. नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांना चीनहून येणाऱ्या पांढऱ्या भांड्यांसारखी भांडी करायची होती. चीनची माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी झिलईत कथलाची राख मिसळली. झिलई दुधासारखी पांढरी झाली. त्या पांढऱ्यावर त्यांनी निळी नक्षी काढली. ही युक्ती पुढे स्पेनला गेली, इटलीला गेली, हॉलंडच्या डेल्फ्टला गेली. युरोपातल्या कपाटांत मांडलेल्या निळ्या-पांढऱ्या ताटल्यांच्या पोटात बसऱ्याचे कथील आहे असे म्हणायला हरकत नाही. हे आम्ही वाचले त्या रात्री पेटी उघडली. एक कांडी लोखंडी पळीत तापवून, ढवळून ढवळून तिची राखाडी पूड केली. सगळी झाली नाही, निम्मी गाळ म्हणून राहिली. जी झाली ती झिलईत घालून दोन वाडगे भाजले. एक जरा पिवळट निघाला. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असण्याची शक्यता असते, म्हणून या वाडग्यांत जेवू नये अशी चिठ्ठी आम्ही स्वतःच चिकटवली.

आमची आयडेंटिटी त्या वाडग्यांत होती. दादांचे कथील, शब्दशः. बाईंनी ते हातात घेऊन पाहिले आणि विचारले, आयडेंटिटी कुठे आहे? यात त्यांचा दोष पुरता नाही. आम्ही चिठ्ठीवर शिशाबद्दल लिहिले, दादांबद्दल लिहिले नाही. अब्बांची ताकीद आमच्याही हाडात मुरलेली आहे.

इथे आम्हाला आपल्या लिहिणाऱ्यांशीही थोडे भांडायचे आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून 'आम्ही कोण' हा प्रश्न या चळवळीने नेटाने मांडला. आम्ही मराठी आहोत, इथल्या मातीतले आहोत, हे ठणकावून सांगितले. 'इथल्या मातीतले' हे शब्द किती भाषणांत ऐकले! आम्ही दर वेळी चमकून पाहतो, कुणी मातीबद्दल बोलणार आहे का. कुणी बोलत नाही. अत्तार, मणियार, बागवान, शिकलगार, मोमीन, नद्दाफ, कलईगर, ही आपली बिरादरी कथेत येते ती दारिद्र्य दाखवायला. बाप पिंजारी आहे म्हणजे गरीब आहे, एवढेच. त्या बापाला कापूस किती ओला आहे हे तारेच्या आवाजावरून कळत होते, हे कथेत येत नाही. शिकलगाराला पोलादाचे पाणी कळत होते, मणियाराला लाख किती तापवायची ते कळत होते. ते ज्ञान होते. आपण ते आडनावाबरोबर टाकून दिले आणि मग व्यासपीठावर चढून ओळख शोधू लागलो. अशरफ व्हायच्या नादात आपण हात गमावले. आज कुणी आपल्याला मिनार काढा म्हणतो, कारण आपणच त्याला दाखवायला दुसरे काही ठेवले नाही.

आता हा दगड स्वतःवरही मारून घेऊ. आम्ही चाक शिकलो ते भद्रावतीत, एका कुंभाराच्या अंगणात. भद्रावतीला मातीकामाचे जे नाव आहे त्यात ग्रामोदय संघाचा वाटा मोठा. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी माणसाने तो उभा केला आणि गावोगावच्या कुंभारांना सुधारलेले चाक, भट्टी, झिलई यांचे शिक्षण दिले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत मुलांना चित्रकला शिकवत होते आणि स्वतः भट्टी लावून मडकी भाजत होते. म्हणजे या भागात मातीकामाचा विचार करणारी माणसे होऊन गेली. आमचे उस्ताद मात्र साधे कुंभार. त्यांनी आम्हाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, फी सांगितली नाही. पहिले सहा महिने फक्त माती मळायला लावली. आज आमचा वाडगा दीड हजाराला जातो आणि उस्तादांचा माठ दीडशेला. घडण त्यांची आमच्यापेक्षा सरस आहे. फरक एवढाच की आम्ही 'कलाकार' आहोत आणि ते 'कुंभार'. आमच्या भांड्याला ओळख असते, आयडेंटिटी असते, लेख असतो. त्यांच्या माठाला भाव असतो, तोही उन्हाळ्यापुरता. त्यांना कुणी मिनारही मागत नाही, वाघही मागत नाही. पोळ्याला मातीचे बैल तेवढे मागतात, आणि तेही आता साच्यातले प्लास्टरचे मिळतात.

हे आम्ही बाईंना कळवले. फोनवर नाही, पत्राने. मिनार काढणार नाही, वाघ काढणार नाही. दोन पांढऱ्या वाडग्यांच्या चिठ्ठीवर दादांचे नाव आणि पुढे 'कल्हईवाले, चांदा' असे लिहून पाठवतो, ते तसेच लावावे. तेंदूच्या ताटल्यांखाली 'बोटॅनिकल' हा शब्द नको. राखडीची ताटली परत पाठवली तरी चालेल, पण ठेवलीत तर वीज केंद्राचे नाव त्यावर राहील. आणि आमच्या अकरा भांड्यांशेजारी उस्तादांचे चार माठ मांडावेत, त्यांच्या नावासह, आणि त्यांची किंमत ते स्वतः ठरवतील. उस्तादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "किंमत दोनशे लिहा. जास्त लिहाल तर इथले गिऱ्हाईक म्हणेल, बुढा माजला."

पत्राला दोन महिने झाले. उत्तर आलेले नाही. अब्बांना मात्र ती चिठ्ठी कुणीतरी वाचून दाखवली. 'कल्हईवाले, चांदा' यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर आले, पेटीतली उरलेली कांडी हातात घेऊन वजन पाहिले आणि म्हणाले, "इसमें सीसा है. अब्बा असली कथील बंबई से मँगवाते थे, ये नागपूर का है." मग पळी मागितली.

परवा भट्टी लावायची आहे. तूस जाळून ठेवले आहे. टिटव्या या खेपेला तीन आहेत.